गजरा बांधणारी

‘रातराणी’चे मालक तुम्हीच ना, असं कुंदनला ज्यांनी शेवटचं विचारलं होतं त्यांच्या हातात नोटिसा होत्या. म्हणून त्या दुपारी अकोल्यातल्या त्याच्या फुलांच्या दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यानं तोच प्रश्न केला तेव्हा ओल्या स्पंजात खुपसता खुपसता निशिगंधाची काडी त्याच्या हातातच मोडली. पण म्हाताऱ्याच्या हातात कागद नव्हता. कापडी पिशवी होती आणि तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. डोक्याला टोपी, चपलांवर पांढरी धूळ. अशी माणसं नोटिसा बजावत नाहीत. ही फार तर लग्नाच्या स्टेजचा भाव विचारतात आणि महाग वाटला की ‘येतो मंग’ म्हणून जातात ती पुन्हा तोंड दाखवत नाहीत. कुंदननं मोडकी काडी बाजूला टाकली आणि ‘होतो,’ म्हणाला. ‘होतो’ म्हणायला त्याला बरं वाटलं.

म्हातारा पायरी चढून आत आला, फुलांच्या रिकाम्या क्रेटवर न विचारता बसला. "मी केशवराव. मूर्तिजापूरकडचा. भाच्यासाठी सोयरीक पाहून राहिलो, भाऊ. नितेश नाव हाय त्याचं, बडनेऱ्याले रेल्वेत हाय. बायको वारली त्याची, लेकरू नाई. आता एक पोरगी पायली अमरावतीची, आपल्याच समाजातली. वय झालं हाय तिचं बी, पन आमचा कोन कवळा हाय? ते तुमच्या हाटेलात कामाले होती म्हने. दारावर. सीमा नाव हाय तिचं." आणि मग, माणसं अशा वेळी आवाज जसा उतरवतात तसा उतरवून, "कशी हाय पोरगी? तुमी मालक होते, तुमाले ठावं असन."

कुंदननं चहा सांगितला. समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवायला तो पायरीवर आला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच उभा राहिला. चैत्र नुकता लागला होता, पण अकोल्याचं ऊन पंचांग बघून थोडंच येतं. रस्त्यावरचं डांबर आत्ताच मऊ झालं होतं. ‘ती माझी चुलत बहीण आहे.’ एवढं एक वाक्य होतं. त्यात अवघड शब्द एकही नव्हता. पाहुण्याला पाणी देताना सहज बोलून जावं इतकं सोपं ते वाक्य त्यानं आतच ठेवलं. कारण ते वाक्य बोलल्यावर म्हातारा काय करील हे त्याला ठाऊक होतं. तो हसेल, ‘अस्सं अस्सं’ म्हणेल, चहा पिऊन उठेल आणि दुसऱ्याच कुणाला तरी विचारायला जाईल. सोयरिकीच्या चौकशीत घरच्याचा शब्द कोण धरतो? आपल्या ताकाला कोणी आंबट म्हणत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. चौकशी करायची ती परक्याकडे. शेजाऱ्याकडे, दुकानदाराकडे, मालकाकडे. आणि म्हातारा दुसऱ्याला विचारायला गेला तर तो दुसरा काय सांगेल, तेही कुंदनला ठाऊक होतं. तो मोबाइल काढील आणि म्हणेल, हे पाहा, ही तीच.

सीमाला दारावर उभं कुणी केलं, तर त्यानं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भरीला घातलं नव्हतं. मोर्शीच्या खुशालरावांचा मुलगा शिवम, संत्र्याच्या बागांवर वाढलेला, हातात मोठं घड्याळ आणि डोक्यात त्याहून मोठ्या गोष्टी, त्याच्याबरोबर कॉलेजात होता. अमरावतीला काय नाही, असं शिवम विचारायचा आणि स्वतःच सांगायचा, नाचायला जागा नाही. बडनेरा रोडवर कापसाचं एक जिनिंग बंद पडलं होतं, ते खुशालरावांनी पोराच्या हट्टापायी घेऊन दिलं. कुंदनजवळ काय होतं? बापानं आणि काकानं सांभाळलेला फुलांचा मळा, आणि मळ्याएवढी मोठी हौस. त्या जिनिंगात नाचाचा क्लब निघाला, त्याला ‘रातराणी’ हे नाव त्यानंच सुचवलं. पहिल्या दिवशी स्पीकरच्या ठोक्यानं जिनिंगच्या वाशांत वर्षानुवर्षं अडकून राहिलेला कापूस सुटला आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यांवर झरझर उतरला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय. पोरं वेडी झाली. पुढं अकोल्याला तिसरी रातराणी काढली तेव्हा तो कापूस पाडायला छतात पंखे बसवले होते आणि मूर्तिजापूरहून सरकी काढलेला कापूस पोत्यानं आणला होता, पण पहिल्या दिवसासारखा तो पुन्हा कधीच पडला नाही. गोष्टी मुद्दाम केल्या की त्यांतला देव निघून जातो, असं कुंदनची आई शकुन म्हणायची. ती देवळातल्या हारांबद्दल म्हणायची, पण लागू इथंही होतं.

आणि दुसरी कल्पना गजऱ्याची. तीही त्याचीच, आणि तिचा त्याला फार अभिमान होता. आत सोडताना दुसरीकडे मनगटाला कागदी पट्टी लावतात. रातराणीत गजरा बांधायचे. उन्हाळ्यात मोगरा, थंडीत काकडा नाहीतर शेवंती. कालचा गजरा मिरवत कुणी फुकट घुसायला आला तर कोमेजलेल्या फुलांवरून लगेच पकडला जायचा. माळ्याच्या पोरालाच सुचेल अशी ही युक्ती होती. गजरे गल्लीतल्या बायका ओवायच्या, पण दारावर बांधणार कोण? कुंदनच्या घरात एक नियम होता, माल घरच्याच हातानं विकायचा. परक्याच्या हातात टोपली दिली की निम्मी फुलं वाऱ्यावर. दारावर घरचं माणूस हवं म्हणून त्यानं काकाच्या सीमाला विचारलं. काका वारले होते, गोदाकाकू घरी बसून हार करायची, आणि सीमा एका हातानं दोऱ्याची गाठ मारायची ती बघत राहावी अशी होती. ‘चालते ना दादा,’ ती म्हणाली, ‘घरचंच तं हाय.’ तिला त्यानं दिवसाचा रोज कधी दिला नाही. घरच्या माणसाला रोज देतं का कुणी?

हे सगळं माळ्याच्या डोक्यानं बरोबर होतं, आणि चूक झाली ती तिथंच. माळ्याच्या घरी गजरा म्हणजे माल. सकाळी तोडला, दुपारी ओवला, संध्याकाळी विकला, उरला तर गाईपुढे टाकला. पण बाकीच्या जगाला मनगटावरचा गजरा म्हटला की माडी चढणारा माणूस आठवतो, आणि गजरा बांधणारी म्हटली की काय आठवतं ते सांगायला नको. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुंदनच्या घरात कुणाला नव्हतं. शिवमला बहुधा ठाऊक असावं. तो पहिल्यांदा ऐकून हसला होता आणि ‘वा रे बापू, जबरदस्त’ म्हणाला होता. त्या हसण्यात काय होतं हे कुंदनला फार उशिरा कळलं. एका फोटोवाल्यानं रील काढलं: झुपकेदार मिशांचा एक देखणा पोरगा, पुढं केलेलं मनगट, त्यावर गाठ मारणारी सीमा, आणि गाठ मारून झाल्यावर वर बघून ती हसते. दुकानात गिऱ्हाइकाला हार देताना हसायची तसंच हसते. ते रील अमरावतीत पाहिलं, नागपुरात पाहिलं, पुण्यातल्या पोरांनी पाहिलं. लोक लांबून लांबून मनगट पुढं करायला येऊ लागले. यवतमाळला दुसरी रातराणी निघाली. त्या दिवसांत कुंदनला शहरातून गाडी चालवताना वाटायचं की लोक आपल्याला ओळखतात. ओळखतही होते. फक्त ते काय म्हणून ओळखतात हे त्यानं कधी थांबून ऐकलं नाही.

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. केशवरावांनी बशीत ओतला, फुंकर घातली. ते घाईत नव्हते. त्यांचे डोळे दुकानभर फिरत होते. लटकवलेल्या प्लास्टिकच्या वेली, थर्माकोलचे मोर, कोपऱ्यातली लग्नाची सोनेरी खुर्ची. कुंदनला एकाएकी वाटलं, आपण या माणसाच्या पाया पडावं आणि म्हणावं, बाबा, तुम्ही जा. मला विचारू नका. या एका माणसाला सोडून जगातल्या कुणालाही विचारा.

अकोल्याच्या उद्घाटनाच्या दिवशी बायपासवर दुपारपासूनच माणसं जमली होती. घोषणा होत्या, फलक होते. ‘आमच्या पोरीबाळींचा बाजार बंद करा’ असं एकावर लिहिलेलं कुंदनला अजून अक्षरासकट आठवतं. ‘बाजार’मधला ‘र’ जागा न पुरल्यामुळे बारीक काढला होता. आत खुशालराव सोफ्यावर बसले होते, चेहरा ताणलेला. साधनाचे वडील आले होते. कुंदनचं आणि साधनाचं ठरत आलं होतं, सुपारी तेवढी फुटायची होती. आणि गावातल्या कुठल्याशा वाहिनीचा पोरसवदा वार्ताहर माइक घेऊन थेट अंगावर आला. ‘लोक असं म्हणतात की तुम्ही आपल्या घरच्या मुलीला दारावर उभं केलंय. दोघांचं आडनाव एकच आहे. हे खरं आहे का?’ कुंदन बोलला. त्याला विचार करायला वेळ मिळाला नाही असं तो पुढं स्वतःला सांगत आला, पण ते खोटं आहे. वेळ मिळाला होता. त्या वेळात त्यानं साधनाच्या वडिलांकडे बघितलं, खुशालरावांकडे बघितलं, आणि शेवटी दाराकडे, जिथं सीमा मोगऱ्याची टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती. मग तो म्हणाला, ‘नाही नाही. ती आमच्या घरची नाही. रोजानं कामाला आहे. माळ्यांत काय, अर्ध्या गल्लीचं एकच आडनाव असतं.’ आणि वर हसलाही. शुद्ध भाषेत बोलला, कारण कॅमेरा होता.

सीमा त्या दिवशी उठून गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं. तिनं टोपली संपेपर्यंत गजरे बांधले, अकोल्यातल्या मोठमोठ्या लोकांच्या मनगटांना, आणि परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकवून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. तिवस्याच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. महिन्याभरात निरोप आला. तिवस्याचे लोक भांडले नाहीत; एवढंच म्हणाले की घरच्या धंद्यात बसलेली असती तर आम्ही समजून घेतलं असतं, पण रोजानं दारात उभी राहणारी पोरगी आमच्या घरात कशी चालेल? म्हणजे तो ‘बहीण आहे’ म्हणाला असता तर ते लग्न मोडलं नसतं. कदाचित. हा ‘कदाचित’ कुंदननं पुढची कितीतरी वर्षं आपल्या बाजूनं वापरला.

मग रातराणी उतरणीला लागली, आणि लोकांना वाटलं ती बंदीनं आणि आजारानं बुडाली. ते खरंच होतं. शिवमनं हट्टानं वर्ध्याला चौथी काढली. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, लिंबूसरबतावर कोण नाचणार? ती उघडली तशीच मिटली. मग टाळेबंदी आली, चारही दारांना कुलपं लागली, खुशालरावांनी हात झटकले, कुंदन अमरावती सोडून अकोल्यात फुलं विकायला बसला, बडनेरा रोडच्या जिनिंगमध्ये आता स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे आणि पोरं तिथं मुंगीसारखी मान खाली घालून वाचतात. पण कुंदनच्या लेखी ती अकोल्याच्या उद्घाटनाच्याच दिवशी बुडाली होती. सीमा त्यानंतर दारावर आली नाही. कागदी पट्ट्या आल्या. एकदा यवतमाळला एका गिऱ्हाइकानं त्याला धरून विचारलं, ‘भाऊ, ते गजरे काहून बंद केले? ते पोरगी कुठं गेली?’ आणि कुंदन म्हणाला, ‘सोडून गेली.’ जणू तीच सोडून गेली होती.

"वागाले कशी होती?" केशवराव म्हणाले. बशी रिकामी झाली होती.

"चांगली," कुंदन म्हणाला. आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, जुना, भारदस्त, मालकाचा. "माह्याकडं लय पोरी कामाले होत्या, काका. पन तिच्यावानी नाई पायली. काम भलं अन् ते भली. कोनाशी फालतू बोलनं नाई. ते व्हिडिओ तुमी पायला असन तं सांगतो, ते फोटोवाल्याचं काम होतं, तिले तं पत्ता बी नव्हता. तिचा काई दोष नाई त्याच्यात." हे बोलताना त्याच्या छातीत काहीतरी मोकळं होत होतं. इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नव्हतं. तो बोलत गेला. प्रामाणिक, कष्टाळू, आईला सांभाळणारी. एकही शब्द खोटा नव्हता आणि परक्याच्या तोंडून येत असल्यानं प्रत्येक शब्दाला वजन होतं.

"घरचं कोन हाय तिच्या?"

"वडील वारले. आई हाय."

"अन् भाऊबंद?"

कुंदननं पाण्याची बादली थोडी सरकवली. "असतीन चुलत-बिलत कोनी."

केशवराव थांबले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, टकलावरून हात फिरवला. "आडनाव तं तुमचं बी तेच दिसते पाटीवर," ते म्हणाले. मऊपणानं म्हणाले, एखाद्याला उतरायला हात द्यावा तसं.

"आता माळ्यायचं काय, काका," कुंदन म्हणाला, "अर्ध्या गल्लीचं एकच आडनाव."

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला ते ओळखू आलं. अंगावरचा शर्ट उलटा घातल्याचं बाजारात गेल्यावर कळावं, तसं. पण तोवर केशवराव ‘बरं’ म्हणून उठले होते. मेथीची पिशवी उचलून, उन्हात डोळे बारीक करून ते चौकाच्या दिशेनं गेले, आणि कुंदन दुसरी काडी घेऊन स्पंजात खुपसायला बसला.

घरी जेवताना त्यानं साधनाला सांगितलं. सगळं सांगितलं, म्हातारा, रेल्वेतला भाचा, आपण काय काय चांगलं बोललो. त्याला शाबासकी हवी होती. साधनानं पोळी तव्यावर फिरवली आणि विचारलं, "मंग तू तिचा कोन म्हनून सांगतलं?" "मालक म्हनून," तो म्हणाला. "तवाच तं शब्दाले किंमत आली ना." साधनानं गॅस बारीक केला. आपलं लग्न कशाच्या जोरावर ठरलं होतं हे तिलाही माहीत होतं, आणि या घरात त्याबद्दल दोघंही कधी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीनं अमरावतीला निघाला. काम नव्हतं. मोगऱ्याचा भाव बघायला जातो, असं शकुनला सांगितलं आणि आईनं त्याच्याकडे बघितलं, कारण मोगऱ्याचा भाव फोनवर कळतो. खिडकीतून गरम वारा येत होता. मूर्तिजापूर गेलं, तुरीच्या काड्यांचे ढीग गेले, आणि कुंदन मनातल्या मनात एकाच गोष्टीचं दोन्ही बाजूंनी वकीलपत्र घेऊन बसला. त्या वेळी आपल्यासाठी नाकारलं. या वेळी तिच्यासाठी. त्या वेळी तिचं लग्न मोडलं. या वेळी जुळेल. शब्द तेच, पण पाप तेच कसं? उलट फेडच झाली की. तिच्यासमोर जाऊन हे सांगावं, म्हणजे ती निदान एकदा तरी पूर्वीसारखी ‘दादा’ म्हणून हसेल, एवढं त्याला हवं होतं. ते त्याला फार हवं होतं. रातराणी परत नको होती, शिवम नको होता, ओळखणारे लोक नको होते. बडनेरा आलं तेव्हा त्याला वाटलं उतरावं आणि उलट बस धरावी. तो उतरला नाही.

अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सीमाचं दुकान होतं. दुकान म्हणजे लाकडी फळी, वर ताडपत्री, समोर हार, वेण्या, खणानारळाची ओटी. शेजारी नारळाचा ढीग होता, तिथं कुणी नव्हतं. सीमा दोरा दातात धरून हार पुरा करत होती. केसांत दोन-चार पांढरे आले होते. तिनं मान वर केली, त्याला बघितलं, आणि दोरा दातातून काढून म्हणाली, "ये दादा. कवा आला?" तिनं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की इतका प्रवास करून जो शब्द ऐकायला तो आला होता तो आल्या आल्याच मिळून गेला, आणि आता पुढं काय करावं ते त्याला सुचेना.

"तुही सोयरीक पाहाले आलते एक जन," तो म्हणाला. "माह्याकडं. केशवराव."

"ठावं हाय. मीच पाठोलं होतं."

"तू?"

"मंग," ती हाराची गाठ आवळत म्हणाली. "त्यायनं इचारलं माहेरचं कोन हाय म्हनून. बाबा तं नाई. मी म्हटलं, अकोल्याले माहा चुलत भाऊ हाय, कुंदनदादा, त्याले भेटा. तो व्हिडिओ बी दाखवला, अन् तू काय म्हटलं होतं ते बी सांगतलं. म्हटलं, तवा घाबरला होता तो. आता जा अन् इचारा, सांगीन तो."

रस्त्यानं एक लग्नाची वरात परतत असावी. नवी जोडी, अंगावर हळद, मागे बायका. सीमानं त्यांना हार हवा का म्हणून हात वर केला, त्यांना नको होता. कुंदनला उभं राहवत नव्हतं आणि बसायला जागा नव्हती. ऊन ताडपत्रीच्या भोकातून त्याच्या पायावर पडलं होतं. म्हातारा सगळं माहीत असून आला होता. क्रेटवर बसून, बशीत चहा ओतून, टोपी काढून तो फक्त एक शब्द ऐकायला थांबला होता. दोनदा विचारलं त्यानं. दोनदा.

"मी तुह्यासाठीच," कुंदन म्हणाला, "मालक म्हनून सांगतलं. घरच्याचा शब्द कोन धरते, सीमा? भाऊ सांगतलं असतं तं त्यायनं दुसऱ्याले इचारलं असतं. मी लय चांगलं सांगतलं."

"हो. ते म्हनले मले. मालकानं लय चांगलं सांगतलं म्हने." तिच्या आवाजात राग नव्हता. कुंदन तो शोधत होता. राग असता तर त्याला धरून उभं राहता आलं असतं. "मले समजलं तू काहून म्हटलं ते. त्यायले बी समजलं असन. मान्सं चांगली हायेत. सोयरीक पक्की झाली, दादा. अक्षय तृतीयेच्या नंतरची तारीख काढून राहिले."

"पक्की झाली? मंग माह्या शब्दानं," तो म्हणाला आणि थांबला.

"देवमनच्या," ती म्हणाली. "हा नारळवाला. तुह्याकडून ते कालच सांजच्याले इकडं आले अन् याले इचारलं, ही पोरगी तुही कोन लागते? तो म्हनला, बहीन हाय माही. बस. मंग त्यायनं काईच इचारलं नाई. म्हनले, एक भाऊ हाय म्हनजे झालं."

कुंदनला हसू आल्यासारखं झालं, पण ते हसू नव्हतं. घरच्याचा शब्द कोणी धरत नाही म्हणत होता तो. आणि इथं एका नारळवाल्यानं, ज्याचं हिच्याशी ना आडनाव एक ना गल्ली एक, बिनदिक्कत घरचा म्हणून शब्द दिला होता आणि तो धरला गेला होता. त्याला आपली लाज वाटली. साधी, सरळ, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तशी लाज; इतकी वर्षं तिला तो निरनिराळी नावं देत आला होता.

तेवढ्यात देवमन आला. चाळिशीचा, काळासावळा, खांद्यावर नारळांचं पोतं. मोर्शीकडून टाळेबंदीनंतर इकडे आलेला. रातराणी त्यानं फक्त ऐकली असेल. पोतं उतरवून त्यानं गमछानं मान पुसली आणि कुंदनकडे बघून सीमाला विचारलं, "पाव्हने कोन?"

तिनं काहीही म्हटलं असतं तरी ते बरोबर झालं असतं. गिऱ्हाईक म्हटलं असतं, जुने मालक म्हटलं असतं, ओळखीचे म्हटलं असतं.

"माहा भाऊ हाय," सीमा म्हणाली. हाताला थांबूही न देता म्हणाली. "अकोल्याचा. माह्या मोठ्या बाबाचा पोरगा."

देवमनचा चेहरा उजळला. त्यानं पटकन आपला लाकडी पाट पुढं सरकवला, गमछानं झटकला. "बसा ना मंग, भाऊ, उभे काहून? मले तं वाटलं ताईले मागंपुढं कोनीच नाई. बरं झालं बापा." आणि मग सीमाकडे वळून, खरोखर आनंदानं, "मंग कानपिळीले हेच उभे राहतीन ना, ताई? नवरदेवाचा कान पिळाचा मान तं घरच्या भावाचा. घरचा असतांना मानलेल्यानं काहून मधात यावं?"

कुंदन पाटावर बसला नव्हता. तो तसाच उभा होता, एक हात ताडपत्रीच्या बांबूला. मांडवात नवरदेवाच्या मागं आपण उभे आहोत आणि समोर टोपी घातलेले केशवराव आपल्याकडे बघताहेत, असं त्याला दिसलं. ते काही बोलणार नाहीत. नुसते बघतील. एक शब्द बोलायचा होता. ‘राहतो’ एवढाच. सीमा हार ओवत होती, खाली बघून, आणि तिच्या हाताचा वेग किंचित मंदावला होता. ती वाट बघत होती. रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, ते भांडण संपलं, रिक्षा गेली, तरी ती वाट बघत होती.

मग तिनं फूल उचललं. "नाई जमत त्यायले," ती देवमनला म्हणाली. कुंदनला ती ‘त्यायले’ म्हणाली, परक्याला म्हणावं तसं. "लग्नाच्या तारखेले फुलाचा धंदा असते ना त्यायचा. लय काम राह्यते त्या दिवशी."

"हो का भाऊ?" देवमननं विचारलं.

"हो," कुंदन म्हणाला. "काम हाय."